कोऱ्या ओळी

प्रिय भिंगरे,

अक्षर ओळखून पाकीट फाडू नकोस, बाई! तीन वर्षं माझ्या इकडच्या तिकडच्या गप्पांच्या एकाही पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, भाषांतर तर सोडूनच दिलंस म्हणे. पण आज जे सापडलंय ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपल्या भाषेत शास्त्र आणि कथा-कादंबऱ्या दोन्ही पहिल्यांदा आणणारं ते जुनं मासिक आठवतं ना? त्याचा इतिहास लिहायचं काम मला मिळालंय! ग्रंथालयाच्या तळघरात बसून, शिंका देत देत सगळे अंक चाळतेय. आणि अगं, भाषांतरित लेखांत मधेच कोऱ्या ओळी! म्हटलं, छापखान्याचा घोळ असेल. पण खाली बारीक अक्षरात छापलेलं: ‘येथील अर्थ आम्हांस लागला नाही. ज्यास लागेल त्याने कळवावे.’ संपादक नावाजलेले डॉक्टर, आणि खुशाल सांगतायत की कळलं नाही! मग पुढच्या अंकात पत्रांचा नुसता पाऊस. लंबकावरचं एक अडलेलं वाक्य एका घड्याळजीनं सोडवलं. बाळंतपणावरच्या लेखावरून एका सुईणीनं डॉक्टरसाहेबांची अशी हजेरी घेतलीय, आणि त्यांनी ती जशीच्या तशी छापलीय! मी इतकी खो खो हसले की ग्रंथपालबाई जिन्यावरून डोकावून गेल्या, बरी आहे ना म्हणून.

आणि हसता हसता मला रडूच फुटलं. आपण दोघींनी भाषांतर केलेल्या ताऱ्यांच्या पुस्तकात, तुझ्या प्रकरणात, तूही एक वाक्य असंच कोरं सोडलं होतंस. नीट कळेपर्यंत थांबू म्हणालीस. मला छापायची घाई. तुला न विचारता मी तिथे काहीतरी ठोकून दिलं. परीक्षणात त्याच वाक्याचे वाभाडे निघाले, तेही तुझ्या नावानं. कुणाचं काम ते तुला पक्कं ठाऊक होतं, तरी तू चकार शब्द काढला नाहीस. आणि मी? मीही गप्पच बसले गं, मजेत.

म्हणून हे पत्र. आज सकाळी प्रकाशकांकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. नवी आवृत्ती निघतेय, तिच्या पहिल्याच पानावर त्या चुकीची कबुली माझ्या नावानिशी छापायला दिलीय. बिचारे म्हणाले, बाई, तुमची अब्रू जाईल. जाऊ दे की! चुकले मी, भिंगरे. मला उत्तर नको देऊस हवं तर, पण तू पुन्हा लिहायला बस.

तुझीच, अजून चालत असेन तर,
तुझी उतावळी