आतल्या बाजूचा आकडा

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापून आहे. आज आंबागडच्या सुगंधामावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवीन सांधा पक्का बसवायच्या आधी सर्जन सरायनं मधात ती सेन्सरवाली चकती ठेवली. गुडघ्यात कोणत्या बाजूले किती दाब पडते, ते स्क्रीनवर दिसते. आतल्या बाजूचा आकडा बाहेरच्याच्या दुप्पट होता. दुप्पट! मी बोट ठेवून दाखवला.

"सिस्टर, इतकी वर्षं हातानंच करून राहिलो. माझा हातच काटा आहे," म्हणे. अन् चकती काढून ट्रेमध्ये टाकली. आतल्या बाजूचं ताणलेलं लिगामेंट थोडं सैल केलं असतं तर दहा मिनिटांत दाब सारखा झाला असता. मंग चकती ठेवलीच कायले?

अन् हाच माणूस! माझा भाऊ तुमसरच्या राइस मिलमध्ये हमाल आहे. मागच्या रविवारी सर तिथून वर्षाचा तांदूळ घ्यायले गेले, तर तांदळाच्या पोत्याचा एक-एक कट्टा दोनदा वजनकाट्यावर चढवायले लावला. भाऊ म्हणे, "साहेब, खांद्यावर घेतला का वजन समजते मले." सर हसले. "अंदाजावर नाही चालत, बाबा."

तांदळाले काटा पाहिजे, अन् जन्मभर चिखलात वाकून धानाची रोवणी केलेल्या बाईच्या गुडघ्याले अंदाज चालते! एका बाजूनं झिजत जाईल तो सांधा. भोगायचं कोणी?

ड्युटी संपता संपता वार्डात गेली. मावशीनं माझा हात धरला. "बाई, बरोबर बसला ना वो?"

तो आतल्या बाजूचा आकडा डोळ्यांपुढून हटेना.

"एकदम बरोबर, मावशी," मी म्हटलं.