वाचून दाखविले, मान्य आहे

मु. सायली, सिल्वासा
गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४

आदरणीय प्रमिला मॅडम,

सादर नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? देवरुखच्या घराला अठरा पायऱ्या आहेत असं तुम्ही लिहिलं होतं, तेव्हापासून तुमची आठवण आली की त्या पायऱ्याही आठवतात.

तुमची दोन पत्रं माझ्याकडे आहेत, एक मार्चमधलं आणि एक गणपतीतलं. एकाचंही उत्तर मी दिलं नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते. पण वर्गात कुणी खोटं कारण सांगायला लागलं की तुम्ही चष्मा काढून पुसत बसायच्या, ते आठवलं आणि ते वाक्य खोडलं.

घरी सगळे ठीक. बापू अजून माल चढवायच्या कामावर जातात. आम्ही चाळीत कोपऱ्यावरची मोठी खोली घेतली. बापूंनी दारावर निळ्या रंगानं माझं नाव लिहून घेतलं आहे: ममता गोकुळ पाटील, बी.ए. मायचं नाव कुठेच नाही, बापूंचं आहे ते माझ्या नावातच. पाणी सोडणारा माणूस रोज हाक मारतो, "ओ बी.ए., हंडा लावा!" माय चिडते, बापूंना मात्र फार आवडतं.

मी दीड वर्षापासून प्लास्टिकच्या कंपनीत कर्मचारी विभागात आहे. झाकणं, डबे, बादल्या बनतात. माझं काम हजेरी, रजा, अर्ज आणि भाषा. इथे कागद हिंदीत असतो, साहेब गुजरातीत बोलतात, माणसं वारली, अहिराणी, भोजपुरी बोलतात. मध्ये मी. पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं, हेच तर हवं होतं. माणूस आणि कागद यांच्यामध्ये आपलं कुणीतरी बसलेलं असावं, असं मी तुमच्या पेपरातसुद्धा लिहिलं होतं. तुम्ही त्या उत्तराला आठ गुण दिले आणि समासात लिहिलं, "मध्ये बसलेला नेमका कुणाचा असतो?" मला वाटलं होतं दोन गुण उगाच कापले.

मशीनच्या हॉलबाहेर चपलांचा रॅक आहे. आत कंपनीचे बूट घालून जायचं, आपल्या चपला बाहेर ठेवायच्या. खालून दुसऱ्या खणात एक गुलाबी जोड आहे, उजवीचा अंगठा शिवलेला. दीड महिना तो तिथेच आहे. कुणी हलवत नाही, कुणी तो खण वापरतही नाही. मी दिवसातून चार वेळा तिथून जाते. पहिले काही दिवस बघायचे नाही. आता बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्या चपला सोनमच्या आहेत. सोनम एकोणीस वर्षांची, सुरंगीकडची. आमच्याच चाळीत आईबरोबर राहते. आईचं नाव चिमाबाई. दोघी आमच्याच कंपनीत, शेजारशेजारच्या मशीनवर. आठ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या चार दिवस आधी, सोनमचा उजवा हात साच्यात सापडला. चार बोटं गेली. अंगठा राहिला.

या मशीनला पुढे सरकता दरवाजा असतो. दरवाजा उघडा असला की साचा मिटत नाही, तशी सोयच असते. पण दिवाळीच्या ऑर्डरी होत्या, दरवाजा दरवेळी लावण्यात चार-पाच सेकंद जातात, म्हणून दरवाज्याचा स्विच तारेनं बांधून ठेवला होता. तार बांधली की दरवाजा सताड उघडा असला तरी मशीनला तो बंदच आहे असं वाटतं. मशीन बिचारं सांगितलं त्यावर विश्वास ठेवतं.

दसऱ्याला त्याच मशीनची पूजा झाली. झेंडू, नारळ, हळदकुंकू. मी प्रसाद वाटला. पेढ्याचं खोकं घेऊन त्या मशीनपाशी पोचले तेव्हा साच्यावर कुणीतरी कुंकवाची पाच बोटं उमटवली होती. मी खोकं तिथेच ठेवून बाहेर आले.

सोमवारी कामगार अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे. अपघाताच्या दिवशी चिमाबाईंचा जबाब घेतला गेला होता. त्यात लिहिलं आहे की सोनमनं मोबाईलवर बोलता बोलता स्वतः दरवाजा उघडला आणि हात घातला, मशीनमध्ये काही दोष नव्हता. चिमाबाईंचा अंगठा आहे. खाली एक ओळ आहे: "मराठीत वाचून दाखविले, मान्य आहे." तिच्याखाली माझी सही आहे. सोमवारी मला एवढंच विचारतील, की ही सही तुमचीच ना, आणि ही ओळ खरी ना?

वाचून दाखवलं नव्हतं, मॅडम.

आता सगळं सांगते. साडेतीन वाजले होते. सोनमला गाडीतून दवाखान्यात नेलं होतं, चिमाबाईंना गाडीत घेतलं नाही, जबाब झाला की तुम्हाला पोचवतो म्हणाले. आमच्या विभागाचे ओंकार सर ओरडणारे नाहीत. गोष्टीतल्या जुलमी माणसाला मोठ्या मिशा असतात, ओंकार सरांना मिशा नाहीत. त्यांनी उठून चिमाबाईंना स्वतःची खुर्ची दिली. चहा मागवला, साखर किती विचारलं. अकरा वर्षं त्या कंपनीत काम करणाऱ्या बाईला पहिल्यांदा कुणी बसायला सांगत होतं. त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, निळ्या साडीवर डाग होते म्हणून खुर्ची खराब होईल या भीतीनं.

कागद तयार होता. सर मला हळूच म्हणाले, "ममता, तू समजाव. तुझं ऐकतील त्या."

आणि ते खरं होतं. त्या माझं ऐकत होत्या, कारण दर रविवारी मी चाळीतल्या बायकांना अक्षरं शिकवायचे. खोक्याच्या पुठ्ठ्यावर, खडूनं. चिमाबाई सगळ्यांत हळू शिकल्या आणि सगळ्यांत जास्त हसल्या. पहिल्यांदा "चिमा" लिहिलं तेव्हा पुठ्ठा लांब धरून म्हणाल्या, "ही मीच काय? एवढीशीच?" तुम्ही आम्हाला सत्तेबद्दल शिकवलं तेव्हा मी राजे, फौजा, पोर्तुगीज अंमलदार असं काय काय वहीत उतरवलं होतं. माझ्याकडे सत्ता कधी असली तर ती मी एका पुठ्ठ्यावर रविवारी दुपारी मिळवली असेल, हे कुठे लिहिलं नव्हतं. सरांना मात्र ते माहीत होतं.

मी कागद हातात घेतला. वाचला. दोनदा वाचला. मग त्यांना म्हणाले, अपघाताचा कागद आहे, सोनमच्या इलाजासाठी लागतो. चिमाबाई गप्प होत्या. काही विचारलं नाही त्यांनी. त्यांनी फक्त हात पुढे केला, पेनासाठी. मॅडम, त्यांना सही करायची होती. सर घड्याळाकडे बघून म्हणाले, "अंगठाच घे, सहीत वेळ जाईल." मी शाईचं पॅड उघडलं आणि त्यांचा अंगठा धरून दाबला. जिला अक्षर लिहायला मी शिकवलं तिचा अंगठा मी घेतला.

मग त्यांनी ती शाई केसांना पुसली, सगळ्या बाया पुसतात तशी. चिमाबाईंचे पुढचे केस पिकलेत. निळा पट्टा उमटला.

जबाबाची गोष्ट चाळीत आठवड्यानं पोचली. सोनमला कुणीतरी सांगितलं की तुझ्या आईनंच अंगठा दिलाय, तुझीच चूक म्हणून. त्या दिवसापासून सोनम आईशी बोलत नाही. एका खोलीत दोघी राहतात, चिमाबाई कामावर येणं सोडून तिला घास भरवतात, ती तोंड उघडते, पण बोलत नाही. आणि रोज सकाळी पहिली पाळी भरायच्या वेळेला चिमाबाई कंपनीच्या फाटकासमोर उभ्या राहतात. घोषणा नाही, रडणं नाही. नुसत्या उभ्या, माझ्या खिडकीकडे तोंड करून. मी मागच्या दारानं जाते-येते. तरी दिसतात. डोळे मिटले की तो निळा पट्टा दिसतो. चाळीत त्यांच्या दारावरून जायला लागू नये म्हणून मी उकिरड्याच्या बाजूनं घरी येते.

काल बापूंना सांगितलं. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "पोरी, सही करनारानं कधी वाकडं व्हत नही. अंगठावालानंच व्हस." सही करणाऱ्याचं वाईट होत नाही, अंगठेवाल्याचंच होतं, असं मला धीर द्यायला म्हणाले. त्यासाठीच तर त्यांनी मला शिकवलं.

ओंकार सर म्हणाले आहेत, जानेवारीत मला कायम करतील.

काय करावं हे विचारायला लिहिते आहे असं तुम्हाला वाटेल. काय करावं ते मला माहीत आहे. होईल की नाही, ते माहीत नाही. सोमवारी कुणी माझ्यासाठी खुर्ची ओढली तर?

रविवार, २४ नोव्हेंबर

मॅडम, पत्र पाकिटात घालून चिकटवणार होते. तुम्ही पहिल्या वर्षी जुन्या कागदांबद्दल जे सांगायच्या ते मध्येच आठवलं. कागद काय म्हणतो ते नंतर बघा, आधी बघा की यात गप्प कोण आहे. मी माझंच पत्र पुन्हा वाचलं. बापू बोलतात, सर बोलतात, पाणीवाला बोलतो. अपघाताच्या दिवशी चिमाबाई काही बोलत नाहीत. आणि हे त्यांच्याबद्दलचं माझ्या सहीचं दुसरं लिखाण होतं, तेही त्यांना न दाखवता चाललं होतं.

दुपारी गेले. चिमाबाई उंबऱ्यात बसून नागली पाखडत होत्या. आत साडीच्या पडद्यामागे सोनम झोपली होती. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"वाट चुकलीस काय, बाय?"

"तुम्हाला एक वाचून दाखवायचं आहे."

"आता? अंगठा झाल्यावर?"

मी उंबऱ्याखाली बसले आणि वाचलं. सगळं, गुडघ्यांपासून. देवरुखच्या पायऱ्यांपाशी त्या म्हणाल्या, "अठरा? म्हातारीनं खाली खोली घ्यायची की." जबाबाचं आलं तेव्हा सूप थांबलं. मी मान वर केली नाही. केली असती तर पुढे वाचता आलं नसतं.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "दोन जागी चुकलाय."

"कुठे?"

"तू लिवलास, मी रोज फाटकाशी तुला बघायला उभी रहाते. तुला कशाला बघू? पोरीच्या चपला आत राहिल्यात. वॉचमन बोलतो, मॅडमची चिठ्ठी आण. मॅडम कोण, तर तू. आणि तू मागल्या दारानं पळतेस."

मॅडम, चाळीस दिवस मी त्यांचं उभं राहणं शाप म्हणून अंगावर घेत होते. तेसुद्धा मी माझ्याचबद्दल करून टाकलं होतं.

"आणि दुसरं?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मी गप नव्हते. मी विचारला होता, यात काय लिवलाय, बाय? तू बोललीस, तुमच्या भल्याचंच आहे."

हे खरं आहे. मी तसं म्हणाले होते. अगदी याच शब्दांत, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. दीड महिना मला शाई आठवली, चहा आठवला, खुर्ची आठवली. आणि हे वाक्य मी इतकं नीट पुसलं होतं की गुरुवारी तुम्हाला सगळं सांगते म्हणून लिहितानाही ते आलं नाही. त्यांना गप्प करणं मला इतकं सोपं गेलं. पहिल्यांदा सरांच्या कागदावर, दुसऱ्यांदा माझ्या पश्चात्तापात.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

"तार शनिवारी बांधली. लखन फिटर नाय बोलत होता, त्याला वरून सांगितला. तिला बोल, ते पण लिव."

चिमाबाई वळल्या नाहीत. मला वाटतं घाबरल्या, की वळलं तर पोरीचं बोलणं पुन्हा बंद होईल. पदरानं नाक पुसून एवढंच म्हणाल्या, "तूच सांग की तिला, भाईर येऊन."

सोनम बाहेर आली. आईच्या शेजारी बसली नाही, दाराच्या दुसऱ्या बाजूला बसली. मोबाईल त्या दिवशी डब्याच्या पिशवीत बंद होता, हेही तिनं सांगितलं. आईकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. पण आई ऐकते आहे हे तिला माहीत होतं. मी तिथेच बसून ते लिहून घेतलं, तिच्याच शब्दांत, वेगळ्या कागदावर. तो उद्या माझ्याबरोबर सुनावणीला येईल. आधी तो तिला तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा ती वैतागून म्हणाली, "झाला ना आता!"

निघताना मी उद्याच्या तारखेची चिठ्ठी लिहून चिमाबाईंना दिली, वॉचमनसाठी. त्यांनी ती एकेक अक्षर लावत वाचली. मगच घडी केली.

बापूंना सांगितलं. ते उठले. दारावरच्या नावावरची धूळ गमछ्यानं पुसली आणि आत गेले. तो होकार होता की निरोप, मला कळलं नाही.

उद्या सुनावणीला जायच्या वाटेवर पोस्ट आहे. हे पत्र आधी तिथे रजिस्टर्ड टाकीन, मग पुढे जाईन. मी तिथे काय बोलले ते तुम्हाला कुणाकडूनही कळेल. खुर्ची बघून मी डगमगले आणि तिथल्या कागदावर माझ्या नावापुढे वेगळंच काही आलं, तर तो खोटा धरा. हा खरा धरा. तुमच्याकडे ठेवा, आणि लागला तर कुणालाही दाखवा.

वरील मजकूर मी चिमाबाईंना त्यांच्या दारात मोठ्यानं वाचून दाखविला, गुरुवारचा आज दुपारी आणि आजचा आत्ता संध्याकाळी. त्यांनी सांगितलेल्या दोन दुरुस्त्या यात आहेत. खालची सही त्यांची आहे, पुठ्ठ्यावरच्या अक्षरांपेक्षा ही अक्षरं थोडी मोठी आली आहेत. वेळ बराच लागला. कुणाला घाई नव्हती.

तुमची विद्यार्थिनी,
ममता

चिमा