हनुवटीचं बटण

प्रिय चिऊ,

तुझ्या बाबांसाठी मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू या: पाठीकडून उचलला जाणारा पलंग, पुस्तकाची पानं उलटणारा दांडा, न्हाणीतली सरकती खुर्ची आणि बोटांतलं बळ गेल्यावर हनुवटीनं दाबायची घंटी. कॉलेजाची पायरी चढलो नाही, पण यातली एकही वस्तू कुरकुरत नाही. प्रत्येक आधी स्वतः वापरून पाहिली. घंटीच्या वेळी अख्खी दुपार हात बांधून पडलो होतो. तुझी आई म्हणाली, घरात एक आजारी पुरे होता.

गेल्या आठवड्यात दाजींनी आणखी एक मागितली. तसंच बटण, पण श्वासाच्या यंत्राला जोडलेलं. दाबलं की यंत्र बंद. मी म्हणालो, जी वस्तू स्वतःवर तपासता येत नाही ती मी देत नाही. एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "मेहुणे, या वस्तूची तक्रार घेऊन कोणी परत यायचं नाही." मला हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला.

ते गप्प बसणारे नाहीत. बाजारातल्या रेडिओवाल्याला निरोप धाडलाय. त्याचं काम मी पाहिलंय. यंत्र धड बंदही पडणार नाही आणि दाजी घुसमटत राहतील.

डॉक्टरीणबाई म्हणतात, दुसरी वाट आहे. आजाऱ्यानं शुद्धीत मागितलं तर झोपेचं औषध देऊन यंत्र काढता येतं, त्रास होत नाही. पण घरच्यांचं एकमत हवं. तुझी आई रडत का होईना, हो म्हणाली. तू फोनवर ठणकावलंस, हा विषय पुन्हा काढायचा नाही. मीही तुझ्याच बाजूचा होतो. एकेक वस्तू जमत गेली तोवर वाटायचं, त्यांचं अडतंय ते वस्तूंवाचून. आता तशी खात्री देता येत नाही. सोसायचं त्यांनी, आणि नाही म्हणायचं तू-मी, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

हे त्यांच्या नकळत लिहितोय. रेडिओवाला रविवारी येणार. त्याआधी ये, पलंगाशी बस, त्यांच्या तोंडून ऐक. मग हो म्हण, नाही म्हण, तुला कोणी बोल लावणार नाही. मात्र हा आजारपणातला चिडका हट्ट आहे असं समजू नकोस. त्या बटणासाठी त्यांनी मला तुझ्या नावानं जपलेली सगळी ठेव देऊ केली. अकरा लाख. मी नको म्हणालो.

तुझाच,
हट्टी मामा