बंद पडलं का मग काय?

अहो आई, काल भर दुपारी आपल्या अख्ख्या आळीची लाईट गेली आणि आपल्या घरातला एकही पंखा थांबला नाही. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही जिंकलं की मला अजून तुमच्याच तोंडाकडे बघावंसं वाटतं. तुम्ही कौतुक करणार नाही हे पक्कं ठाऊक असलं तरी. दादरच्या दोन खोल्यांतून मी या वाडीतल्या एवढ्या मोठ्या घरात लग्न करून आले, तेव्हापासून तुमच्याकडून एकदा तरी 'बरं केलंस' ऐकायचं म्हणून मी काय काय केलं, ते माझं मला माहीत.

पहिल्याच आठवड्यात मी माहेरून आणलेला मिक्सर मोठ्या दिमाखात ओट्यावर ठेवला होता. घरात दोन दीर, दोन जावा, पोरंटोरं, येणारेजाणारे, रोजचं वाटण म्हणजे पातेलंभर. मला वाटलं, सासूबाई खूश होतील. तुम्ही मिक्सरकडे पाहिलंत, झाकण उघडून आत डोकावलात आणि विचारलंत, "नि बंद पडला का मग काय?" पाटा-वरवंटा जागचा हलला नाही. गॅस आला तरी मागच्या पडवीतली चूल तुम्ही मोडू दिली नाहीत. हौसेने काहीही घरात आणलं की तुमचं एकच तुणतुणं. आम्ही जावा स्वयंपाकघरात तुमची नक्कल करून पोट धरून हसायचो, आणि सगळ्यांत हुबेहूब नक्कल माझी असायची. नळ आला तेव्हा आळीत जो तो विहीर बुजवायला निघाला. शेजारच्या भाऊजींनी, तुमच्या सख्ख्या पुतण्याने, विहीर बुजवून वर लादी घातली आणि गाडी लावली. आपल्याकडेही मातीचा ट्रक सांगून झाला होता. तुम्ही सकाळचा चहा घेऊन विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलात, त्या जेवणाच्या वेळेपर्यंत उठलाच नाहीत. "नल बंद पडला का पानी कुठून आननार? दादरवरून?" शेवटचा टोला मला होता. ट्रक परत गेला.

मला कायमची नोकरी लागली त्या दिवाळीत तुम्ही दोन्ही जावांना साड्या दिल्यात आणि मला कंदील. नवी वात घातलेला, काच लख्ख पुसलेला. मी न्हाणीघरात जाऊन रागाने रडले. नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आईने माझी शोभा केली. आता तोच कंदील जिन्यावर इन्व्हर्टरच्या शेजारी खिळ्याला टांगलाय. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, मॅडम, हा काढू का? मी म्हटलं, हात लावू नकोस.

इन्व्हर्टरचं सांगते, दमानं घ्या. उन्हाळा आला की इकडे लाईटचा खेळ तुम्हाला माहीतच आहे. आता घरात तीन फ्रिज, चार एसी आणि घरून काम करणारी नातसून. लाईट गेली की नुसता कल्ला. धाकट्या जावेचं माहेर चंदनसारला टॉवरमध्ये, तिथे लाईट गेली की खाली जनरेटर धडधडतो, म्हणून धाकट्या भाऊजींनी जनरेटरचा धोशा लावला. तेवढ्यात शेजारच्या भाऊजींनी गच्चीभर सोलरच्या प्लेटी बसवल्या आणि बिल जवळजवळ शून्यावर आलं म्हणून ते साऱ्या आळीला ऐकवत फिरायला लागले. झालं, आपल्या घरातल्या सगळ्यांना तस्संच हवं झालं. त्याच कंपनीचा माणूस आपल्या ओटीवर येऊन बसला. दिवसा बनलेली जास्तीची वीज लाईनीत जाणार, मीटर उलटा फिरणार, असं छान गोड बोलत होता. सगळे माना डोलावत होते. सही करायची तेवढी बाकी. आणि आई, माझ्या तोंडून निघून गेलं. अगदी तुमच्या सुरात. "नि लाईट बंद पडली का मग काय?"

तो म्हणाला, तेव्हा सिस्टीमही बंद होते मॅडम. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. मी विचारलं, सूर्य डोक्यावर असताना? तो म्हणाला, हो, सूर्य डोक्यावर असतानाही. बॅटरी आणि तिच्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर घेतला तरच घर चालू राहील, पण तो खर्च बहुतेक लोक टाळतात. शेजारचे भाऊजी तिथेच बसले होते. ते हसून म्हणाले, वहिनी, कशाला पैसे घालवता, लाईट जाते ती दोन घटका. घरातही मग तेच सुरू झालं. धाकटे भाऊजी म्हणाले, घ्या तुम्हाला हवं ते, पण फसलं तर जबाबदारी तुमची. मी म्हटलं, माझी. फसलं असतं तर या घरात माझा शब्द संपला असता.

मग मी हट्टाने तुमच्यासारखी वागले. प्लेटी कमी घेतल्या, पण बॅटरी घेतलीच, आणि तिच्यावर काय काय चालवायचं, ते मीच ठरवलं. विहिरीचा पंप, तिन्ही फ्रिज, पंखे, दिवे, मिक्सर, नातसुनेचं इंटरनेट. एसी आणि गिझर बाहेर. धाकटी जाऊ आठ दिवस फुगून होती. बॅटरी जिन्याखाली बसवायची म्हणाले, मी म्हटलं, इथे मोठ्या पावसात पाणी पायऱ्या चढतं, वर जिन्याच्या तोंडाशी न्या. सगळं बसवून झाल्यावर मी मेन स्विच बंद केला आणि म्हटलं, आता पंप चालू करून दाखवा. पंप सुरू होताना जोरात ओढतो, त्या झटक्याला इन्व्हर्टर बंद पडला. दुसरा, मोठा आणा म्हटलं. आणला. पंप चालला, मगच मी पैसे दिले.

आणि काल शेजारी हळद. भाऊजींच्या मुलीची. अंगणात मांडव, आचाऱ्यांनी चुली पेटवलेल्या, आळीभर पाहुणे, आणि मोठा आवाज होऊन कोपऱ्यावरची विजेची डीपी जळाली. संध्याकाळपर्यंत काही लाईट येत नाही म्हणाले. भाऊजींच्या गच्चीवर प्लेटी उन्हात नुसत्या चकाकतायत आणि घरात पंखा नाही, पंप नाही, वरच्या टाकीत थेंब नाही. तांदूळ धुवायला पाणी नाही म्हणून आचारी हात बांधून उभे. भाऊजी कुंपणाशी आले. त्यांचा चेहरा बघवेना. ते काही बोलायच्या आत मी पंप सुरू केला.

आई, तुमच्या विहिरीचं पाणी पाईपमधून कुंपणापलीकडे त्यांच्या पिंपांत धो धो पडत होतं आणि मला लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. नवरीला आपल्या माजघरात पंख्याखाली बसवून नटवलं. त्यांचं दही, मासळी, आईस्क्रीम, सगळं आपल्या फ्रिजांत कोंबलं. आळीतल्या बायका पाट्याऐवजी आपल्या मिक्सरवर वाटण करायला रांगेत उभ्या. धाकटे भाऊजी येणाऱ्याजाणाऱ्याला जिन्यावर नेऊन बॅटरी दाखवत होते, जशी काही त्यांनीच पोटाला चिमटा काढून घेतलीय. बॅटरी पुरेल ना म्हणून मी मधूनमधून आकडा बघून येत होते. वर ऊन होतं, ती भरतच होती. हळद लागली, पंगती उठल्या, आणि लाईट आली ती सगळं आवरल्यावर.

निघताना शेजारचे भाऊजी ओटीवर आले. माझ्या दुप्पट प्लेटी असलेला तो माणूस पाया पडायला वाकला, मी मागे सरले. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला हे सुचलं कसं?"

सगळं घर ऐकत उभं होतं. नवरा तर माझ्याकडे असा बघत होता की त्याला उत्तर ठाऊकच असावं. तुमचं नाव अगदी जिभेवर आलं होतं, आई. विहीर तुमची, प्रश्न तुमचा, सूरही तुमचाच. मी पदर खोचला आणि म्हटलं, "सुचलं."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, सासूच्या वळणावर गेली. म्हणोत, ते खरंच आहे. उद्या सांगेनही मी सगळ्यांना. पण कालचा एक दिवस मला नुसता माझा हवा होता.