लेखी मत

प्रिय भूपेंद्र,

परवा फोनवर तू म्हणालास, अक्का, रेंज नाही, आवाज तुटतोय. रेंज होती. माझा आवाजच आता एवढा उरलाय, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणून लिहिते.

पिंप्राळ्यात बाकी ठीक. शाळेने माझा चौथीचा वर्ग काढून घेऊन मला कार्यालयात बसवलंय. थायरॉइडची गाठ गेली, तिच्यामागे वर्गही गेला. शेजारचे निंबाभाऊ आमच्या ह्यांना म्हणतात, "तुनं नशीब भारी शे, ललित. बायको बोलत नही." हे हसतात. पूर्वी मीही हसले असते, आणि वर दोन शब्द सुनावले असते.

सर्जन म्हणतात, कुठल्याही ऑपरेशनात असं होऊ शकतं, तुम्ही सही केली होती. होऊ शकतं. मी अडाणी नाही. पण माझ्या बाबतीत कसं झालं, एवढंच विचारलं तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. माझ्या वकील रत्नाताई म्हणाल्या, ग्राहक आयोगात तज्ज्ञाचं लेखी मत हवं. जळगावात ज्या ज्या डॉक्टरकडे गेले त्याने घशात दुर्बीण घातली, हळहळला. एकाने चहाही पाजला. लिहून कुणीच दिलं नाही.

मग धुळ्याला तुझ्याकडे आले. घशाचा डॉक्टर, आणि माझा भाऊ. दुर्बीण काढून तू म्हणालास, एका बाजूचा स्वरतंतू हलतच नाही, अक्का. गाठ काढताना आवाजाची नस आधी शोधून जपायची असते. यांनी ती शोधलीच नसावी. मी म्हटलं, एवढंच लिहून दे. तू हात धुवायला उठलास आणि धूतच राहिलास. पाठमोराच म्हणालास, आमच्यात असं एकमेकांविरुद्ध लिहीत नाहीत. त्या 'आमच्यात' मी कुठे होते रे?

तरी निघताना म्हणालास, आखाजीच्या सणाला न्यायला येतो. येऊ नकोस. यंदा मला माहेर नको.

काल रत्नाताईंनी आयोगाकडे अर्ज दिला, तुला साक्षीला बोलवावं म्हणून. समन्स तुझ्या दवाखान्यात येईल. ते दुसऱ्या कुणी तुझ्या हातात देण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, यासाठी हे पत्र. माझी बाजू घेऊ नकोस. मला सांगितलंस तेवढंच तिथे सांग. आणि नाही सांगायचं ठरवलंस, तरी घाबरू नकोस. मी समोरच बसलेली असेन. खोटं बोलणाऱ्याला मध्येच थांबवण्याइतका आवाज माझ्याकडे नाही.

अजून तरी तुझीच,
हेमलताअक्का