जांभळं औषध

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची. दोन बॅगा, शिवणयंत्र आणि ही वही. भावाने गाडीतून सामान उतरवलं आणि चहालाही न थांबता गाडी वळवली. चाळिशीत उजवलेली बहीण पुन्हा मागच्या सीटवर बसायच्या आत निघालेलं बरं, असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. परत येणार नाही, असं मीच त्याला बजावून सांगितलं आहे.

यांचं नाव इथे लिहिणार नाही. 'हे' म्हणायची हौस फार उशिरा वाट्याला आली आहे, ती पुरेपूर भागवून घेणार. हे घरोघरी पाण्याचे मीटर तपासत हिंडतात. बोलणं बेताचं, पण माझी बॅग उचलताना जड आहे असं एकदाही म्हणाले नाहीत. घरात सासूबाई, थोरले दीर आणि वन्सं. वन्संचं लग्न झालेलं नाही, त्या पोस्टात शिक्के मारतात. दिरांची बायको, म्हणजे माझी जाऊ, मागच्या हिवाळ्यात गेली. कशाने गेली विचारलं, तर खोकला होता म्हणाले.

आम्हाला मागची खोली दिली आहे. ऊन भरपूर. खिडकीतून मागचं अंगण दिसतं, अंगणात खुराडं आणि दहा-बारा कोंबड्या. मला हे सगळं फार आवडलं आहे, लिहायला लाज कसली.

जेवायला बसल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या त्या ताटं रिकामी होईपर्यंत वर केल्या नाहीत. माझा दुसरा घास हातातच. मी थट्टेने विचारलं, कुणी मागे लागलंय का. कुणी हसलं नाही. सासूबाईंनी मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कोंबड्यांचं काम मी मागून घेतलं. दाणे, पाणी, खुराडं झाडणं, अंडी गोळा करणं. त्यांच्यातही मानपान आहेत. मोठी लाल आधी खाणार, मग तिच्या मर्जीतल्या, मग उरलेल्या. तिला मी मनातल्या मनात सासूबाई म्हणते. शेवटी एक बारीक पांढरी आहे, मान ताठ ठेवून पाऊल तोलून टाकते. ती मास्तरीण. तिला दाणा मिळतो तो इतरांनी तुडवलेला.

या घरात मीही शेवटच्या नंबरला आहे. पण नंबर आहे. भावाकडे तोही नव्हता.

कुंपणाच्या जाळीला एक भोक आहे. मास्तरीण दुपारी त्यातून निसटते आणि गल्लीत एकटीच चरते. दिवसभर टोचे खाऊनही संध्याकाळ झाली की आपल्या पायांनी त्याच भोकातून परत येते, इतरांच्या मागून आत शिरते आणि दांडीच्या टोकाला बसते. मला नवल वाटलं. वन्सं म्हणाल्या, जाईल कुठे, तिला दुसरं आहे कोण. आणि त्यांनी खुराड्याची कडी लावली.

कपाटात जावेचा करडा स्वेटर मिळाला. उबदार आहे. कॉलरला आतून जांभळा डाग आहे, शाईचा असेल. घालते आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मास्तरीण आजारी आहे. एक डोळा सुजलाय आणि श्वास घेताना घरघर होते. औषधांच्या दुकानात काउंटरमागे माझी उमेदीची वर्षं गेली. नुसता खोकला ऐकून मी बाटली काढून ठेवायचे. पण हिचं मला उशिरा कळलं, कारण ती इतरांबरोबर दाणे टिपत होती. आज जवळ बसून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की ती चोच नुसती जमिनीला लावते आणि उचलते. खात काहीच नाही.

मला कळायच्या आधी मोठ्या लालला कळलं होतं. मान टोचून टोचून रक्त काढलं होतं.

जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. कोरडा माणूस, पण नीट समजावून सांगतो. म्हणाला, कोंबडी आजार लपवते, कारण बाकीच्यांना सुगावा लागला की त्या तिला जगू देत नाहीत. लाल दिसलं की तिथेच टोचतात, मग थांबत नाहीत. त्याने जखमेवर जांभळं औषध लावलं आणि बाटली माझ्याकडे दिली. हे बरं करण्यापेक्षा झाकण्यासाठी आहे म्हणाला. पिसं येईपर्यंत रंग उतरू द्यायचा नाही.

मी तिला खोक्यात घातलं, वर बल्ब लावला आणि खोकं आमच्या खोलीत आणलं. सासूबाईंनी नाक मुरडलं. हे मात्र बल्ब नीट बांधून द्यायला स्टुलावर चढले. मला भरून आलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मास्तरीण सुधारते आहे. डोळा उघडला. माझ्या तळहातावरून दाणे खाते, खरंच खाते. मी खोलीत आले की खोक्यातून पुटपुटते. दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारी या घरात तीच एक आहे.

सासूबाई म्हणतात, पुरे झाले लाड. फार दिवस वेगळी ठेवलीस की बाकीच्या तिला विसरतील, मग घेणार नाहीत. मला ते पटलं. उद्या सोडते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

हे मी केलं.

सकाळी तिला कोमट पाण्याने पुसलं. अंगाला खोक्यातली घाण लागली होती, वर तो जांभळा रंग. बिचारी आपल्या माणसांत चाललीय तर नीटनेटकी दिसावी, एवढंच डोक्यात होतं. मऊ फडकं घेतलं होतं. तिने डोळे मिटून पुसून घेतलं. मान स्वच्छ पांढरी झाली आणि मधे खपलीचा लाल ठिपका राहिला. सुंदर दिसतेस, असंही म्हणाले मी. डॉक्टरने स्पष्ट सांगितलेलं माझ्या ध्यानातही आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना औषधं समजावून सांगितली मी.

अंगणात सोडलं. मोठी लाल आली, मान वाकडी करून तिने पाहिलं आणि एकदाच टोचलं. मग सगळ्या आल्या.

मी ओरडत मधे पडले, हातांना चोची लागल्या. वळून घराकडे पाहिलं, कुणीतरी या म्हणून. सगळे खिडकीत उभे होते. सासूबाई, दीर, वन्सं आणि हेसुद्धा. ओळीने. प्रत्येकाची मान एका बाजूला कललेली. मोतीबिंदू एकट्या सासूबाईंना आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मास्तरणीनंतर आणखी तीन गेल्या. आजार खुराडंभर पसरलाय. पाण्यातून औषध देते आहे, पण त्या पितच नाहीत. मेलेल्या मीच उचलते, कुंपणापलीकडे मीच पुरते. यांना खड्डा खणायला बोलावलं तर म्हणाले, आता येतो. आलेच नाहीत. त्या दिवशी खिडकीत का उभे राहिलात, हे अजून विचारलेलं नाही. विचारलं की भांडण, आणि भांडण झालं की मला दुसरं आहे कोण.

खुराडं झाडून झाडून माझ्या छातीत धूळ बसली आहे. सकाळी खोकला आला. साधाच खोकला आहे. तरी मी तो उशीत तोंड खुपसून खोकले. उशीच्या अभ्र्यालाही आतून जांभळा डाग आहे, मानेखाली येतो तिथेच.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

जेवताना खोकला आवरला नाही.

सगळ्यांचे हात थांबले. पहिल्यांदाच कुणीतरी ताटातून मान वर केली. सासूबाई उठून माझ्या मागे आल्या आणि मानेवर चिमटा बसला. धागा होता, म्हणाल्या. मी आभार मानले. संध्याकाळी वन्संनी तिथेच चिमटा काढला. धागा. भांडी घासत होते तर दीर नळावर हात धुवायला आले आणि जाता जाता त्यांनीही. ते तर काही बोललेसुद्धा नाहीत.

आरशात पाहिलं. कानाखाली लाल झालंय.

हसण्यावारी न्यायचं ठरवलं आहे. नव्या सुनेला कोण जरा छळत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

रक्त आलं. तेच तेच ठिकाण. मी स्कार्फ बांधते, तर जवळून जाताना कुणीतरी तो सारखा करायचं निमित्त करतं.

शेवटी यांना दाखवलं. यांनी आपला खण उघडला, बाटली काढली आणि कापसाने लावून दिलं. जांभळं औषध. फार हळुवार लावलं. आता दिसायचं नाही म्हणाले.

डॉक्टरने दिलेली बाटली माझ्याकडे कोनाड्यात आहे. ही दुसरी. जुनी, अर्ध्याहून जास्त संपलेली. मी विचारलं, कुणासाठी आणली होती. हे म्हणाले, वहिनीला लागायची.

पुढे विचारायचं धाडस झालं नाही. तिचा स्वेटर माझ्या अंगावर होता.

मंगळवार, २ डिसेंबर

भावाला फोन केला. मानेला लागलंय म्हटलं, तर म्हणाला, स्वयंपाकघरात असं व्हायचंच. इथले लोक बरे नाहीत म्हटलं, तर म्हणाला, नवीन घर आहे, जरा जमवून घे, या वयात किती नखरे. मागून त्याची बायको काहीतरी बोलली. मग त्याने सांगितलं की माझ्या खोलीत मुलीची टेबलखुर्ची लावली आहे. फोन त्यानेच ठेवला.

मीच बजावून सांगितलं होतं ना, परत येणार नाही म्हणून. ते बरं लक्षात ठेवलंन.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज निघाले होते. खरंच निघाले होते.

दुपारी घरात होते ते आडवे झाले होते. पर्स घेतली, बाकी काही घेतलं नाही, आणि बसस्टँडवर जाऊन बाकावर बसले. बस आली, गेली. दुसरी आली. कंडक्टरने विचारलं, कुठे जायचंय बाई. मला एका गावाचं नाव सांगता येईना. दुकानात माझ्या जागी दुसरी मुलगी आहे. भावाकडे टेबलखुर्ची आहे. मैत्रिणी त्यांच्या संसारात. कंडक्टर वाट पाहून चढला आणि बस गेली.

ऊन उतरलं, गार वाटायला लागलं, आणि पाय चालायला लागले. मी काही ठरवलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर कळलं, कुठे आले आहे ते.

दार उघडंच होतं. कुठे गेली होतीस, असं कुणी विचारलं नाही. मी आत आले आणि माझ्यामागे वन्संनी कडी लावली.

मला माझाच राग येतो. इतका, की रडूसुद्धा येत नाही.

रविवार

दोन्ही बाटल्या संपल्या. नवी मिळत नाही, असं हे म्हणतात. दुकानात विचारायलाच गेले नसणार.

मानेवर आहे तो रंग जपते आहे. आंघोळ नाही. घाम येऊ देत नाही. खोकला गिळते. ताटात वाढलेलं उचलून तोंडाजवळ नेते आणि परत ठेवते, जेवल्यासारखं दाखवते. त्यांना कळतं. मान वाकडी करून बघतात, एका डोळ्याने, सगळे —

मंगळवार

अंगणात आता मोठी लाल एकटीच राहिली आहे. दिवसभर माझ्या खिडकीकडे बघत उभी असते.

मी खोलीबाहेर पडत नाही. ताट दाराशी येतं. गार, उष्टावलेलं — शेवटचं.

हे खोलीत असतात तोवर कुणी येत नाही. तेवढाच आधार आहे. यांनी मला अजून एकदाही — यांनी एकदाही चिमटा काढलेला नाही. हा माणूस माझा आहे. एवढं धरून बसले आहे.

बुधवार

सकाळी हे कोमट पाणी घेऊन आले. मऊ फडकं. म्हणाले, किती दिवस अशी घाणेरडी राहणार, बस. मी बसले. किती दिवसांनी कुणी मायेने हात लावला होता. डोळे मिटले गेले.

उघडले तेव्हा पातेल्यातलं पाणी जांभळं होतं.

रंग एवढासाही ठेवला नाही. आरसा पुढे धरला. मान गोरी, स्वच्छ, आणि मधे — सुंदर दिसतेस, म्हणाले. आई म्हणते, फार दिवस वेगळी राहिलीस तर घरातले तुला विसरतील. चल, आज सगळ्यांबरोबर जेव.

यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते. मीही तिला मायेनेच पुसलं होतं.

पातेलं ओतायला गेलेत, तेवढ्यात लिहिते आहे. बाहेर खुर्च्या सरकल्या. कुणी बसलेलं वाटत नाही — पावलं या बाजूला — आतून कडी लावावी म्हणून उठले, तर या दाराला आतून कडीच नाही. इतके दिवस माझ्या लक्षात कसं —

हे पुढे आहेत. यांच्या मागे सगळे. यांनी मान वाकडी