शेकोटीला जळण

नाशिक रोड,
४ जानेवारी

प्रिय प्रफुल्ल,

सप्रेम जयभीम. आमच्या सूनबाईंची, स्नेहाची, सर्दी उतरली का? इकडे थंडीने कहर केलाय.

घराला गिऱ्हाईक आलं का, असं तू रोज फोनवर विचारतोस आणि माझं उत्तर ऐकायच्या आत 'आई, पुण्याला राहायला ये' सुरू करतोस. म्हणून लिहितेय.

तुझे पप्पा गेल्यापासून सकाळी घर खायला उठतं, हे खरं आहे. म्हणून मी सकाळची घरात थांबतच नाही. सिटी बसने जाते नि शहर पाहते. सगळी नोकरी इथल्या शाळेत झाली, पण शाळा नि घर सोडून मी नाशिक पाहिलंच नव्हतं. आता बाहेर कुठे ऊब मिळते ते मला विचार. त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्यांवरचं कोवळं ऊन. गोदाघाटावर चहाच्या गाडीमागे, स्टोव्हच्या बाजूला. आणि सगळ्यात भारी म्हणजे पंचवटीत भाजीबाजाराबाहेरची लंकाबाईची शेकोटी.

लंकाबाई मेथी विकते. पहिल्या दिवशी मी हात शेकायला बसले, तर म्हणाली, "ताई, हितं रिकाम्या हातानं कोणी बसत नाय. जळण आणावं लागतं." दुसऱ्या दिवशी मी जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा नेला. भपकन पेटला नि संपला. सगळ्या बाया हसल्या. "मास्तरीणबाई, लाकूड आणा लाकूड."

आपल्या घरात लाकूड कुठलं? सगळं स्टील नि प्लास्टिक. शोधत शोधत फाटकापाशी आले. तू दिवाळीत ठोकलेली 'घर विकणे आहे' ही पाटी चांगली जाड होती. खिळे उपटताना बोट सोललं, पण काढली.

रंगामुळे धूर फार झाला. लंकाबाई डोळे पुसत म्हणाली, "कशाची फळी व्हती वो?" मी सांगितलं. तिने सरकून मला आगीजवळ जागा दिली. पप्पा गेल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं.

रागावू नकोस. तुझी काळजी मला कळते. पुण्याला येईन, चांगली महिनाभर राहीन, स्नेहाच्या हातचं खाईन आणि परत येईन. रविवारी त्या एजंटला घेऊन येऊ नकोस. घर माझ्या नावावर आहे. विक्रीच्या कागदावर माझी सही लागेल आणि ती मिळणार नाही. सही करतेय ती फक्त या पत्राखाली.

तुझी आई,
उज्वला